ओटीपी जातो कुठे? एका बंद पडलेल्या नेट बँकिंगचं प्रकरण

मावशीचं नेट बँकिंग अडलं ते विम्याचा हप्ता भरायच्या वेळी. खात्यात पैसे होते, मुदत संपायला थोडे दिवस होते, आणि लॉगिनच्या पानावर लाल अक्षरांत एकच वाक्य येत होतं: यूजर आयडी किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

मावशी निवृत्त आहे. पेन्शन आणि बचत एकाच खात्यात. नेट बँकिंग ती वर्षातून मोजक्या वेळा वापरते, हप्ता भरायला किंवा मुदत ठेव पुढे चालू ठेवायला. बाकी व्यवहार चेकनं, नाहीतर शाखेत जाऊन. फोनवर ती म्हणाली, "अगं, पासवर्ड विसरले मी." पण तो तिला कधी पाठ नव्हताच. जुन्या लॅपटॉपच्या ब्राउझरनं तो साठवला होता आणि दर वेळी तोच भरून देत होता. लॅपटॉप बिघडला, भंगारात गेला, त्याच्याबरोबर पासवर्डही गेला. हाताशी राहिली ती एक वही.

त्या वहीतलं ते पान बघण्यासारखं होतं. वर बँकेचं नाव, खाली एकाच शब्दाची रांग. आधी शब्दापुढे १, तो खोडून २, तो खोडून ३. मध्येच एके ठिकाणी उद्गारचिन्ह आलेलं, कारण बँकेनं तेव्हापासून विशेष चिन्हाची सक्ती केली. शेवटच्या दोन ओळी खोडलेल्या नव्हत्या आणि त्यातली चालू कुठली ते लिहिलेलं नव्हतं. बँक ठरावीक महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावत होती आणि मावशी शेवटचा आकडा एकानं वाढवत होती. जवळपास सगळे हेच करतात. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१७ सालीच सांगून ठेवलंय की ठरावीक काळानं पासवर्ड बदलायची सक्ती करू नका. तो फुटल्याची खूण दिसली तरच बदलायला लावा. ही सक्ती सोडायला तयार नसलेल्या बँका अजूनही आहेत, आणि त्यांच्या खातेदारांच्या वह्या अशाच दिसत असणार.

मी पोचेपर्यंत मावशीनं वहीतले सगळे पासवर्ड एकामागून एक टाकून पाहिले होते. साहजिकच खातं लॉक झालं. बहुतेक बँकांत तीन ते पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर लॉगिन बंद होतं, कुठे चोवीस तासांसाठी, कुठे मध्यरात्रीपर्यंत, तर कुठे रिसेट केल्याशिवाय उघडतच नाही. लॉक म्हणजे पैसे अडकले असं नाही. चेक वटतात, पेन्शन जमा होते, कार्ड चालतं. बंद होतो तो फक्त इंटरनेटवरचा रस्ता. हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला, कारण पडद्यावर 'आपले खाते लॉक झाले आहे' असं लिहिलं होतं आणि तिनं त्याचा अर्थ शब्दशः घेतला होता. 'आपले लॉगिन' एवढं लिहिलं असतं तरी तिची एक रात्र सुखाची गेली असती.

त्या लाल वाक्यातला 'किंवा'ही मुद्दाम ठेवलेला असतो. आयडी बरोबर आहे, पासवर्ड तेवढा चुकलाय, असं यंत्रणेनं सांगितलं तर नुसते आयडी टाकून खरे खातेदार कोण ते कुणालाही शोधता येईल. म्हणून दोन्हींपैकी काय चुकलं ते सांगत नाहीत. खऱ्या खातेदाराला मात्र यामुळे आपण कुठे अडलोय ते कळत नाही. मावशीकडे आयडीही दोन होते: पासबुकावर छापलेला ग्राहक क्रमांक, आणि नेट बँकिंग सुरू करताना तिनं स्वतः निवडलेलं नाव. पानावर दुसरा लागत होता. तिचे निम्मे प्रयत्न ग्राहक क्रमांक टाकून झालेले, म्हणजे पासवर्ड बरोबर असता तरी उपयोग नव्हता.

लॉकची मुदत संपल्यावर आम्ही 'पासवर्ड विसरलात?' वर गेलो. आयडी टाकला, जन्मतारीख टाकली. पुढचं पान उघडलं आणि वाट बघत बसलो. ओटीपी आला नाही. 'पुन्हा पाठवा' दाबलं, तरी नाही. मावशी फोन खिडकीपाशी नेऊन धरू लागली. रेंज पूर्ण होती.

उत्तर पडद्यावरच होतं, बारीक राखाडी अक्षरांत. क्रमांकाचे सगळे आकडे झाकून शेवटचे दोन तेवढे दाखवले होते, आणि ते मावशीच्या आताच्या क्रमांकाचे नव्हते. मी विचारलं, "मावशी, हा क्रमांक कुणाचा?"

"तो माझा जुना. बंद केला की मी तो. दोन दोन सिम कशाला म्हणून."

"बँकेत कळवलं होतंस?"

"बँकेत कशाला? फोन कंपनीला सांगितलं ना."

प्रकरण इथं खऱ्या अर्थानं सुरू झालं. पासवर्डचा प्रश्न एका बाजूला राहिला. पासवर्ड नव्यानं घ्यायचा तर बँक तिच्याकडे आधीपासून नोंदवलेल्या एखाद्या गोष्टीवर विसंबते: मोबाइल, ईमेल, कार्ड किंवा एखाद्या प्रश्नाचं उत्तर. मावशीच्या बाबतीत यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या कारणानं निकामी झाली होती, आणि पासवर्ड चालत होता तोवर कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं.

ईमेल होता, पण ज्या कचेरीतून ती निवृत्त झाली तिथला. कचेरीनं तो कधीच बंद केलेला. डेबिट कार्डाची मुदत संपलेली. नवं कार्ड आलं होतं, पण न फोडलेल्या पाकिटात कपाटात पडून, आणि ते चालू करायला नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी लागणार. म्हणजे पुन्हा तिथंच. शेवटचा पर्याय सुरक्षा प्रश्नाचा: तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय? मावशीला शाळा लख्ख आठवत होती. त्या दिवशी तिनं पूर्ण नाव लिहिलं की आद्याक्षरं, मध्ये जागा सोडली की नाही, हे मात्र आठवेना, आणि यंत्राला अक्षरन् अक्षर जुळायला हवं. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली स्वतःच्या वापरकर्त्यांची माहिती तपासली, तेव्हा अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांना अशा प्रश्नाचं आपणच दिलेलं उत्तर ऐन वेळी आठवलं नव्हतं. आम्ही तो नाद सोडला. तिथंही चुकीची उत्तरं मोजतात, आणि रिसेटचा रस्ता लॉक झाला तर गुंता आणखी वाढतो.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती. बोलता बोलता मावशी म्हणाली, "मी कस्टमर केअरला फोन केला होता काल. फार चांगला बोलला तो मुलगा."

क्रमांक कुठून मिळाला? बँकेचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं शोधलं, पहिला दिसला तो लावला. मुलानं नाव विचारलं, काळजी करू नका म्हणाला, पाच मिनिटांत करून देतो म्हणाला. मग फोनवर एक अॅप घ्यायला सांगितलं, "म्हणजे तुमची स्क्रीन मला दिसेल आणि मीच सगळं भरतो." मावशी म्हणाली, भाचीला विचारून सांगते. त्यावर त्याचा आवाज चढला. "मॅडम, मग तुमचं खातं कायमचं बंद होईल, माझी जबाबदारी नाही." मावशीला तो उद्धटपणा खटकला आणि तिनं फोन ठेवला. संशय आला म्हणून नव्हे, राग आला म्हणून. मी मनातल्या मनात तिच्या रागाचे आभार मानले.

स्क्रीन दाखवणारं अॅप एकदा सुरू झालं की फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी समोरच्याला वाचता येतो. तो तोंडानं सांगायचीही गरज उरत नाही. अशी माणसं शोधाच्या निकालात जाहिरात देऊन किंवा नकाशावर बँकेच्या नावाची खोटी नोंद करून आपला क्रमांक वर आणतात. त्यांचं गिऱ्हाईक नेमकं मावशीसारखं असतं: लॉगिन अडलेलं, तारीख जवळ आलेली, आणि कुणीतरी मदत करावी असं मनापासून वाटणारं. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे, पासबुकावर आणि खाते उताऱ्यावर छापलेला असतो. न फोडलेल्या पाकिटातल्या कार्डावरही तो होता, हातभर अंतरावर.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाखेत गेलो. निघण्याआधी मी एक गोष्ट वेगळी काढली: हप्ता. लॉगिन मिळेल तेव्हा मिळेल, हप्त्यानं त्यासाठी थांबायचं कारण नव्हतं. चेकबुक सोबत घेतलं, वाटेत विमा कंपनीच्या कचेरीत हप्त्याचा चेक दिला, पावती घेतली. या सगळ्या प्रकरणात उपयोगाचं पाऊल कुठलं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पावती हातात आली आणि मावशीचा चेहरा बदलला. नंतर खिडकीवर जे काही झालं ते तिनं शांतपणे ऐकलं. तारीख डोक्यावर असती तर तिनं कुठल्याही कागदावर सही केली असती, कुणालाही आकडे सांगितले असते.

खिडकीवरच्या अधिकारी बाईंना मावशीनं आधी सरळच विचारलं, "तुमच्याकडे असेलच की माझा जुना पासवर्ड. तेवढा सांगा, म्हणजे बाकी काही नको."

"आम्हालाही दिसत नाही हो, काकू."

मावशीला ही टाळाटाळ वाटली. पण बाई खरं बोलत होत्या. धड बांधलेल्या यंत्रणेत पासवर्ड पासवर्ड म्हणून ठेवलेलाच नसतो. त्यात खातेदारागणिक वेगळी अक्षरं मिसळून त्याची गणिती प्रक्रियेनं एक लांबलचक खूण बनवतात आणि ती साठवतात. खुणेवरून उलटं जाऊन पासवर्ड काढायचा मार्ग नाही. आपण लॉगिन करतो तेव्हा टाकलेल्या अक्षरांची तशीच खूण करून दोन्ही जुळतात का एवढंच पाहिलं जातं. म्हणून बँक नवा पासवर्ड ठेवू देते, जुना सांगत नाही. एखादी वेबसाइट तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा ईमेलनं पाठवत असेल, तर तिथं आपलं काहीही महत्त्वाचं ठेवू नये.

मोबाइल बदलण्याचा अर्ज साधा होता. अडलं ते सहीवर. खातं उघडताना दिलेली नमुन्याची सही बाईंनी पडद्यावर काढली: ठसठशीत, शेवटी लांब फराटा. अर्जावरची सही आखडलेली, फराटा गायब. मावशीच्या हाताला आताशा कंप आहे. बाईंनी पुन्हा करायला लावली. दुसरी पहिलीहून वेगळी झाली, आणि मावशी ओशाळली. मला राग आला होता, पण तो अनाठायी होता हे आज कळतं. बाई मूळ ओळखपत्र घेऊन वरिष्ठांकडे गेल्या, त्यांनी येऊन फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, खातं कुठल्या साली उघडलं, पेन्शन कुठून येते असं दोन-चार विचारलं, आणि नव्या सहीचा नमुना वेगळ्या फॉर्मवर घेतला. तेही काम त्यानिमित्तानं झालं. नाहीतर पुढचा एखादा चेक सही जुळत नाही म्हणून परत आला असता.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "एका नंबरासाठी केवढं हे!" केवढं हे वाटतं खरं. पण मोबाइल क्रमांक बदलणं म्हणजे यापुढच्या सगळ्या ओटीपींचा पत्ता बदलणं. ते फोनवर गोड बोलून होत असतं तर कालच्या त्या मुलानं मावशीच्या नावानं करून घेतलं असतं. २००८ साली अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूवरचं ईमेल खातं असंच उघडलं गेलं होतं. पासवर्ड कुणी फोडला नाही. एका विद्यार्थ्यानं 'पासवर्ड विसरलात?' वर जाऊन जन्मतारीख, पोस्टाचा कोड आणि नवऱ्याशी भेट कुठं झाली याचं उत्तर दिलं, तिन्ही गोष्टी इंटरनेटवर शोधून. पुढच्या दाराला कितीही भक्कम कुलूप लावा, रिसेटचं मागचं दार जेवढं पक्कं तेवढंच घर सुरक्षित. आमच्या शाखेनं ते दार नीट लावलेलं होतं, सहीच्या फराट्यासकट.

नवा क्रमांक नोंदवल्याचा मेसेज आल्यावरच रिसेटला हात लावा, असं बाईंनी बजावलं होतं. ते आम्ही पाळलं. मेसेज आला, आम्ही त्याच पानावर गेलो, आणि या वेळी राखाडी अक्षरांतले शेवटचे दोन आकडे ओळखीचे होते. ओटीपी लगेच आला. तो टाकताना थोडी धांदल झालीच, कारण त्याची मुदत काही मिनिटांची असते आणि मावशी मेसेज वाचायला चष्मा शोधत होती. 'पुन्हा पाठवा' दाबलं की आधीचा ओटीपी बाद होतो, आणि मेसेजांच्या यादीत दोन आले की लोक हटकून जुना टाकतात. आमचाही तसाच गेला, मग खालचा टाकला.

नवा पासवर्ड कसा असावा यावर माझं आणि बँकेचं जमलं नाही. माझ्या मते तीन-चार असंबद्ध शब्द एकामागे एक जोडावेत. लांबी असली की फोडणं अवघड आणि लक्षात ठेवणं सोपं. बँकेला मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह हवं होतं, आणि लांबीला वरची मर्यादाही होती. दोघांचंही राखून एक बसवला. तो कुठे ठेवायचा? तरुण माणसाला मी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एकाच कुलुपात जपणारं अॅप, सुचवला असता. मावशीला वहीच बरी, असं माझं मत आहे, आणि त्यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटतील. तिच्या पैशांवर डोळा असणारी माणसं फोनच्या पलीकडे आहेत, तिच्या कपाटापाशी नाहीत. फक्त वहीत बँकेचं नाव आणि आयडी एका पानावर नको, आणि जुनं खोडलं की पूर्ण खोडायचं.

लॉगिन झालं. मावशीनं शिल्लक पाहिली, समाधानानं मान हलवली. हौसेनं मुदत ठेवीचं बटण दाबलं, तर समोर आणखी एक चौकट: व्यवहाराचा पासवर्ड टाका. तो वेगळा, तोही जुन्या लॅपटॉपनं जपलेला. सुदैवानं तो नव्या ओटीपीवर आणि आता चालू झालेल्या कार्डाच्या पिनवर बदलता आला. मोठी रक्कम पाठवण्यावर मात्र बँकेनं काही काळ आपोआप मर्यादा घातली. क्रमांक किंवा पासवर्ड बदलल्यावर कित्येक बँका हे करतात, म्हणजे बदल भलत्यानं केला असेल तर खऱ्या खातेदाराला ओरडायला वेळ मिळतो.

मावशीच्या दृष्टीनं काम संपलं होतं. माझ्या डोक्यात तो जुना क्रमांक फिरत होता. बंद केलेला क्रमांक कंपनी काही काळानं दुसऱ्या ग्राहकाला देते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांकडे नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले २५९ क्रमांक तपासले. त्यांतले १७१ लोकप्रिय वेबसाइटवरच्या चालू खात्यांना जोडलेले निघाले. म्हणजे मधल्या काळात मावशीची पेन्शन जमा झाल्याचे मेसेज एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत असण्याची शक्यता होती. तो माणूस वाईट हेतूचा असता तर 'पासवर्ड विसरलात?' चा ओटीपी त्याच्याच हातात पडला असता. आम्ही क्रमांक बंद केला त्या महिन्यापासूनचा खाते उतारा ओळ न् ओळ वाचला. पैसे पाठवण्यासाठी नोंदवलेल्या माणसांची यादी आणि आपोआप वळते होणारे हप्ते तपासले. वावगं काही नव्हतं.

मग मावशीला कागद दिला आणि जुना क्रमांक जिथं जिथं दिला होता त्या जागा लिहायला सांगितल्या. विमा कंपनी, गॅस, वीज, पेन्शनची कचेरी, दवाखाना... यादी तिच्या अंदाजाहून लांबली. बँकेत ईमेलही बदलायचा होता, तेव्हा तिचा खासगी ईमेल द्यायचं ठरलं. तो फोनवर कायम उघडा असतो, त्याचा पासवर्ड तिला माहीत नाही. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं: तो परत मिळवण्यासाठी नोंदवलेला क्रमांकही तोच, बंद केलेला. फोनवर ईमेल उघडा होता तोवर तो बदलून घेतला, मगच बँकेचा अर्ज भरला.